खातं त्याच्या नंबरवर

नांदूरघाटहून अंबाजोगाईच्या कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांच्या खिशात असायचा. त्यामुळे कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांनी कल्पनांचा नकाशा काढायच्या प्रोग्रॅमवर खातं उघडायला सांगितलं, तेव्हा ओटीपी यायला माझ्याकडं नंबरच नव्हता. होस्टेलवरच्या माझ्या रूम पार्टनरनं त्याचा नंबर टाकला. म्हणाला, "घे बे, माझा काय अन् तुझा काय." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं, हे लिहितानाही आज लाज वाटते.

त्या प्रोग्रॅममध्ये मधोमध एक गोल असायचा. त्यात शब्द लिहिला की तो विचारायचा: हे कोणासाठी? उलट केलं तर? आणखी काय? 'आणखी काय' असं माझ्या विचारांबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. शाळेत उत्तर एकच असायचं. मी गोलात 'सीताफळ' लिहिलं आणि रोज तासभर बसू लागलो. आई डोंगरातली सीताफळं पाटीत कशी भरते ते आठवत गेलं. कडक फळं तळाला, उद्या पिकणारी मधे, आजची वर, आणि प्रत्येक थरात पाला. त्यातून तीन कप्प्यांच्या क्रेटची कल्पना निघाली. नकाशाच्या एका फांदीवर मी नुसतं 'डोळे' लिहून ठेवलं. सीताफळाच्या सालीवरच्या फुगीर खवल्यांना आम्ही डोळे म्हणतो. कुठलं फळ कधी पिकेल हे आई त्यांवरूनच ओळखते.

पुढं कॉलेजात नव्या कल्पनांची स्पर्धा लागली. पहिला येणारा पुढच्या फेरीला विद्यापीठात जाणार होता. मला जायचं होतं, आईलाही तसं सांगून ठेवलं होतं. पण स्टेजवर बोलता येईल का, या विचारात दोन दिवस गेले. नाव द्यायला गेलो तर सीताफळाचा क्रेट यादीत आधीच होता. पार्टनरच्या नावावर.

रूमवर विचारलं, "कावून केलंस असं?"

तो शर्टाला इस्त्री करत होता. "खातं माझ्या नंबरवर हाय. अन् सुचवलं कॉम्प्युटरनं. कॉम्प्युटर काय तुझ्या बापाचा हाय का?"

"पाटी माझ्या आईची हाय."

"मग आईलाच पाठव की स्टेजवर. तू तर बोलणार न्हाईस."

सरांकडं गेलो. त्यांनी खातं उघडून पाहिलं. "यात तुझं नाव कुठंय?" एवढंच म्हणाले.

स्पर्धेत तो पडद्यावर नकाशा लावून छान बोलला. मग परीक्षक मॅडमनी विचारलं, "कुठलं फळ कुठल्या कप्प्यात, हे तोडणाऱ्याला कसं कळणार? आणि इथं 'डोळे' लिहिलंय, ते काय?"

 मेसमध्ये मीठ मागावं तसं त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी तिसऱ्या रांगेत उभा राहिलो. "डोळ्यांमधल्या चिरा बघायच्या, मॅडम. हिरव्या असल्या तर फळ तोडायचंच नाही. फिकट पडल्या की तळाला, पांढऱ्या होऊन रुंदावल्या की वर." पुढचं वाक्य 'हे माझं आहे' असं होतं. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मॅडम त्याला म्हणाल्या, "टीम चांगली आहे तुमची."

त्या आठवड्यात वडिलांच्या मोबाइलवरून होस्टेलच्या ऑफिसात आईचा फोन आला. "ते सीताफळाचं काय झालं रे?"

"पहिलं आलं."

"मग तू कवा जाणार विद्यापीठात?"

"परीक्षा हाय आई. दुसऱ्याला पाठवलंय."

 ती म्हणाली, "आनखी काय?"

"काय न्हाई," मी म्हणालो.