रेसच्या मशीनवरची एसटी

माझं मोटारीचं मशीन भरात होतं तेव्हा सांगलीत दोनच ठिकाणी रांग लागायची. एक रॉकेलच्या दुकानापुढं आणि दुसरी माझ्या दारात. त्यातली रॉकेलची रांग निदान कधीतरी संपायची.

स्टँडमागच्या गल्लीत माझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. सहा मशीनं उभ्यानं खेळायची आणि सातवं बसून. हे सातवं म्हणजे लाल रंगाचा डबाच. आत सीट, स्टेअरिंग, पायाखाली दोन पेडल, डाव्या हाताला गिअर आणि समोर काचेवर पळणारा रस्ता. मुंबईहून ट्रकनं आलं, आठ हमालांनी उतरवलं, त्यातले दोघं मला आजही रस्त्यात दिसले की आधी कमरेला हात लावतात. त्या रस्त्यावर पाच कमानी होत्या. एका कमानीपासून दुसरीपर्यंत मोजकी सेकंदं मिळायची. वेळेत कमान गाठली तर पुढं, नाहीतर गेम ओव्हर. पाचवी गाठली की बाजा वाजायचा आणि झेंडे फडकायचे.

खोटं सांगत नाही, एका कॉलेजकुमाराला ह्या मशीनवर बसल्या जागी गाडी लागली. तो तोंड दाबून बाहेर पळाला तेव्हापासून मी स्टेअरिंगशेजारी एक लिंबू टांगून ठेवलं. इथं बसून गेलेली पोरं घरी जाताना सायकललासुद्धा गिअर टाकायची.

मग फायटिंग आलं. काचेवर दोन माणसं, बनियनवर, एकमेकांना लाथा घालणारी. आता हा मुलूख तांबड्या मातीचा, कुस्तीचा. इथल्या माणसाला दुसऱ्याच्या पुढं जाण्यात जेवढी मजा येते, त्याच्या दसपट त्याला पाठीवर पाडण्यात येते. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत माझ्या मोटारीला गिऱ्हाईक उरलं नाही. सीटवर बसायचे ते फायटिंगचा नंबर येईपर्यंत पाठ टेकायला. शेवटी शेवटी तर मीच स्टेअरिंगवर टॉवेल वाळत घालायला लागलो. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं.

माधवनगरला एक मिस्त्री होता. गिरणीत मागाच्या मोटारी दुरुस्त करता करता तो ह्या मशीनांचा डॉक्टर झाला होता. त्यानं मार्ग सांगितला. सीट आणि स्टेअरिंग काढायचं, आत दुसरा बोर्ड बसवायचा, बाहेर दोन दांडे आणि बटणं लावायची, की त्याच डब्यात फायटिंग. सोमवार ठरला.

आणि त्याच आठवड्यात माझे सासरे दुकानात येऊन बसायला लागले.

सासरे साताऱ्याचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला पावणं. तीस वर्षं नोकरी आणि एक अपघात नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते लग्नकार्यात सदऱ्याला लावायचे. घाटात एकदा कोंबडी आडवी आली म्हणून त्यांनी भरलेली गाडी उभी केली होती. कोंबडीनं तिथंच अंडं घातलं, मग उठली, मग गाडी निघाली. हे मला त्यांच्या कंडक्टरनं सांगितलं. अंडं कुणी खाल्लं हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं होतं. साताऱ्याहून सांगलीला एवढ्या गाड्या असताना मामा आले ते भाच्याच्या टेम्पोतून, आल्याच्या पोत्यांवर बसून. त्यांच्या धोतराला आठवडाभर आल्याच्या चहाचा वास होता. मी बायकोला विचारलं, हे काय. ती म्हणाली, रिटायर झाल्यापासून आबा एसटीत चढलेच नाहीत, विचारलं की म्हणतात गर्दी लय असती.

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले, पट्टी जाऊन काळा चष्मा आला, आणि घरात बसून बसून मामा भिंतींशी भांडायला लागले. तेव्हा बायकोनं त्यांना माझ्याबरोबर दुकानात धाडलं. दोन दिवस ते दाराशी खुर्ची टाकून फायटिंग बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, “ह्यांची भांडणं कशावरनं लागल्यात, पावणं?”

मी म्हणालो, “ते काय म्हाईत न्हाई, मामा.”

“मंग सोडवत का न्हाई कुणी?”

एवढं बोलून ते उठले, मोटारीच्या मशीनपाशी गेले, माझा टॉवेल काढून त्याची नीट घडी घातली आणि सीटवर बसले. आरसा नीट करायला हात वर गेला. तिथं आरसा नव्हता. डावा पाय क्लच शोधायला लागला. तिथं क्लच नव्हता. मी कॉइन टाकलं. सेकंदं पळायला लागली, पण मामा स्टेअरिंग धरून समोर बघत गप्प.

“मामा, दाबा की.”

“डबल बेल कुठाय?”

तीस वर्षांत ह्या माणसानं डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवली नव्हती. शेवटी मी किल्ली घेऊन डब्याच्या पत्र्यावर टण टण केलं. मग गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, वरातीत नवरदेवाचं घोडं निघतं तशी. डावीकडनं, शिस्तीत. प्रत्येक वळणाला मामांचा अंगठा स्टेअरिंगच्या मधोमध हॉर्न शोधायचा. मागून कुणी वेगानं आलं की उजवा हात डब्याबाहेर काढून त्याला साइड द्यायचे. तो हात एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली बसला आणि ते गिऱ्हाईक बराच वेळ फायटिंगमधल्या माणसाकडं संशयानं बघत राहिलं.

पहिल्या कमानीच्या बऱ्याच अलीकडं गेम ओव्हर झालं.

“म्हंजी काय?” मामांनी विचारलं.

मी सांगितलं, वेळ संपली.

“गाडी लेट झाली तर लेट पोचती. रस्त्यात कोण सोडतं व्हय?”

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी खिशातनं स्वतःचा रुपया काढला आणि माझ्यापुढं धरला. माझा पास संपलाय म्हणाले.

त्या दिवसापासून रोज सात-आठ फेऱ्या. कधी पहिल्या कमानीच्या अलीकडं गाडी मरायची, फार झालं तर पलीकडं चार झाडं. त्या मशीनच्या जन्मात अशी गाडी कुणी हाकली नसेल. अंगावर ओरखडा नाही आणि हाताला कमान नाही. फायटिंगवाली पोरंसुद्धा मान वळवून बघायला लागली. एकानं खोडी काढली, काका, एक माधवनगर द्या. मामा रस्त्यावरनं नजर न काढता म्हणाले, “ही गाडी माधवनगरला थांबत न्हाई. जलद हाय.” त्यावर दुकान एवढं हसलं की शेजारच्या शिंप्याची सुई मोडली. त्यानं ती मला आणून दाखवली.

शनिवारी दुपारी चहा पिता पिता मी मामांना सोमवारचं सांगितलं. म्हटलं, ह्या मशीनवर आता कुणी बसत नाही, काढावं लागतंय. मला वाटलं, हो म्हणतील. मामांनी बशी खाली ठेवली. मग बराच वेळ काळा चष्मा पुसत बसले, आणि जे बायकोलाही ठाऊक नव्हतं ते मला सांगितलं.

रिटायर व्हायला सात महिने होते. साताऱ्याहून पुण्याची गाडी, भर दुपार. खंबाटकीचा घाट चढून वर आले आणि समोरच्या ट्रकची काच चमकली. डोळ्यांपुढं दूध सांडल्यासारखं झालं. रस्ता दिसेना. तीस वर्षांच्या सवयीवर त्यांनी गाडी घाटातनं उतरवली आणि पायथ्याच्या खंडाळ्याला उभी केली. पुढं न्यायची हिंमत झाली नाही. सगळ्या पॅसेंजरांना खाली उतरवलं, मागच्या गाड्यांत बसवून दिलं. मग आपणहून जाऊन साहेबांना डोळ्यांचं सांगितलं आणि उरलेले सात महिने डेपोत कागदांना टाचण्या मारल्या. पुन्हा स्टेअरिंगला हात लागला तो माझ्या दुकानात.

“येक म्हातारी हुती गाडीत,” मामा म्हणाले. “लेक बाळंत झालेली तिची पुण्यात. डिंकाच्या लाडवाचा डबा मांडीवर. खाली उतरताना मला इचारलं, डायवरदादा, गाडी मोडली व्हय? मी व्हय म्हनलो. चांगल्या गाडीवर आळ घातला, पावणं. मोडलं हुतं ते माझं.”

मी त्यांची बशी उचलून परत भरली.

“ह्या डब्यातली गाडी येकदा मुक्कामाला पोचू द्या,” ते म्हणाले. “मंग खुशाल काढा.”

रविवारी ते दिवसभर बसले. दुसऱ्या कमानीचं तोंडही दिसलं नाही. मी म्हणून बघितलं, मामा, जरा दाबा, काचेवरची तर माणसं आहेत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी परत तो विषय काढला नाही.

सोमवारी मिस्त्री पाने-पक्कड घेऊन हजर. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, ह्याची वेळ वाढवता येते काय रं. तो म्हणाला, येते की, पण काढायच्या मशीनला आता दवापाणी कशाला. मी म्हटलं, तू कर. त्यानं मागची फळी उघडली. आत तांदळाच्या दाण्याएवढी बटणं होती, त्यातली दोन त्यानं टाचणीनं खाली पाडली आणि म्हणाला, आता ह्याहून ढिल्लं म्हणजे बैलगाडीच.

तेवढ्यात बायको जेवणाचा डबा घेऊन आली. मामा सीटवर बसलेच होते. मी किल्ली काढली, पण तिनं मला थांबवलं. लहानपणी बापाच्या गाडीतली घंटीची दोरी ओढायला मिळावी म्हणून ती रडायची आणि मामा म्हणायचे, ते कंडक्टरचं काम हाय बाय, तुझं न्हवं. तिनं जेवणाच्या डब्यावर चमचा दोनदा वाजवला. मामांनी मागं वळून बघितलं आणि गाडी सोडली.

पहिली कमान गेली. दुसरी गेली. तिसऱ्या कमानीला फायटिंगची मशीनं गप्प झाली, कारण खेळणारे सगळे आमच्या मागं येऊन उभे होते. एका मशीनच्या काचेवरचा पैलवान तर आडवा पडून आमच्याकडंच बघत होता. चौथीलाही दोन सेकंदं हातात राहिली. मामांनी वेग काही वाढवला नाही. साइड द्यायची तिथं दिली, वळणाला हॉर्न शोधायचा तिथं शोधला.

पाचवी कमान दिसायला लागली आणि सेकंदं संपत आली. तीन, दोन, एक. मशीनचं गाणं बंद पडलं. वेळ संपली की त्या मशीनचं अॅक्सिलेटर मरतं, कितीही दाबा. गाडी आपल्या अंगच्या वेगानं जाईल तेवढीच जाते. आजवर शेकडो पोरं तिथं बसली, आणि शून्य दिसलं की प्रत्येकजण स्टेअरिंग सोडून, शिवी देऊन उठायचा. मीही म्हणालो, “गेलं, मामा.”

मामांचा हात हलला नाही.

“गाडी थांबली न्हाई अजून,” ते म्हणाले.

आणि खरंच, ती थांबली नव्हती. तो रस्ता तिथं उताराचा होता असं मी म्हणतो, मिस्त्री म्हणायचा सपाट होता, ह्यावरनं आमचं पुढं दोन वर्षं वाजत होतं. पण मामा ती गाडी चालवत होते. पेडल मेलेलं, तरी स्टेअरिंग हळू हळू सारखं करत, चाक मऊ डांबरावर ठेवल्यासारखं. साठ, चाळीस, वीस. मागून एक पिवळी गाडी आली. मामांनी हात बाहेर काढला आणि तिलासुद्धा साइड दिली. मागचे सगळे कळवळले. पाच. तीन. म्हातारं माणूस उंबरा ओलांडतं, तशी ती गाडी कमानीखालून पलीकडं गेली.

बाजा वाजला, झेंडे फडकले. माझ्या दुकानात असा कानठळ्या बसवणारा गलका झाला, की कृष्णेच्या पुलावरची कबुतरं उडाली. बायको म्हणते दहाजणांनी टाळ्या वाजवल्या. ती प्रत्येक गोष्टीतनं निम्मं कापते.

मामांनी गिअर मागं घेतला. हात मांडीवर ठेवले. मग मान वळवून, मागच्या सीटवर कुणी बसलंय अशा आवाजात, हळूच म्हणाले, “चला, उतरा. शेवटचं स्टँड.”

डबा घेऊन मागं उभी असलेली बायको म्हणाली, “उतरले, आबा.”

मिस्त्रीनं स्टेअरिंग सोडवलं तेव्हा पाना मामांनीच धरला. मी म्हटलं, घेऊन जा घरी आठवण म्हणून. ते म्हणाले, डेपोचा माल डेपोत ऱ्हावा. संध्याकाळी त्या डब्यात दोन माणसं एकमेकांना लाथा घालत होती. पुढं त्यांच्यावरही टॉवेल वाळले, पण तो भाग निराळा.

गुरुवारी मामा साताऱ्याला निघाले. भाच्याचा टेम्पो परतीला सांगलीतच होता. मामा म्हणाले, एसटीनं जातो. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं, आणि मी त्यांची पिशवी उचलली.

विट्यावरनं जाणारी सातारा गाडी लागली होती. मी जागा धरायला आत चढलो आणि त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसवलं. पिशवी वर ठेवून, पाया पडून मी उतरायच्या आतच डबल बेल झाली. मामांचा उजवा पाय चपलेसकट पत्र्यावर अलगद दाबला गेला. गाडी हलली. मला उतरायचं होतं, पण त्या पायाकडं बघत मी माधवनगरपर्यंत गेलो.

तिथं मी उतरताना मामा म्हणाले, “ही थांबती बरं का हितं.”

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी पुढं निघाली, आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतनं एक उजवा हात बाहेर आला. सावकाश, वरखाली, मागच्यांना साइड देत देत तो वळणाआड गेला.