‘राहू द्या’चे भाषांतर

संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार. रक्कम चोवीस हजार रुपये. हजर: आमच्या बचत गटाच्या सहा बायका (त्यांत माझी बायको सुमन), बेल्जियमची एक पाहुणी आणि दुभाषी म्हणून मी. पैसे गेले ते माझ्यामुळे, हे आधीच नोंदवून ठेवतो.

पाहुणीच्या गावात शिक्षक, नर्स अशा माणसांनी मिळून एक दुकान काढले आहे. दलाल वगळून ते परदेशातल्या बायकांकडून थेट माल घेतात. भाव शिवणाऱ्यांनी सांगायचा, दुकानाने घासाघीस करायची नाही, हा त्यांचा नियम. आमच्या वडूजकडच्या या बायकांनी लिंबाखाली बसून आठ गोधड्या शिवल्या होत्या, नगाला तीन हजार. त्या पैशातून पुढच्या खेपेचे कापड यायचे होते. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात मी इंग्रजी पत्रे लिहितो, म्हणून दुभाषी मी. (त्या पत्रांत कुणी भीड धरत नाही, हे कुणाच्या लक्षात आले नाही.)

पाहुणीने गोधडी गालाला लावून पाहिली, चहा घेतला आणि पाकीट गटाच्या अध्यक्ष हौसाकाकींपुढे धरले.

काकींनी हात मागे घेतला. “राहू द्या वो. पैशाचं काय एवढं.”

मी भाषांतर केले: पैसे तुमच्याकडेच ठेवा म्हणतात.

पाहुणी चपापली. नक्की का, म्हणून तिने मला पुन्हा विचारायला लावले.

“आवं, घरी आलेल्या पावण्याकडनं पैसं घ्यायचं व्हय?” काकी म्हणाल्या. (तिसऱ्यांदा पाकीट पुढे आले की घ्यायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते.) मी तेही शब्दाला शब्द लावून सांगितले.

सुमनने कोपर मारले. “आवं, काय सांगताय तिला?”

“त्या म्हणतात तेच. पदरचा एक शब्द घातला नाही.”

“मग घाला की.”

पण पाहुणीचे डोळे भरून आले होते. दुकानाचा नियमच तो, बायकांचा शब्द अखेरचा! तिने पाकीट पिशवीत ठेवले.

“आत ठिवलं की तिनं,” सुमन पुटपुटली.

“काढंल आता,” काकी म्हणाल्या.

तिने काढले नाही. हे पैसे तुमच्या गटाच्या नावाने इथिओपियातल्या कॉफी पिकवणाऱ्या बायकांना पाठवते, असे तिने सांगितले. माझे हे भाषांतर मात्र सगळ्यांना लगेच कळले.

“तिकडं लय दुस्काळ हाय का?” काकींनी विचारले.

“असेल.”

“आन् हितं काय हाय?”

गैरसमज झाला, असे सांगायला मी तोंड उघडले, तर काकींनीच अडवले. “गप बसा, भावजी. दिलेलं माघारी मागायचं न्हाई.” उलट त्यांनी रितीप्रमाणे पाहुणीची खण-नारळाने ओटी भरली. म्हणजे तो खर्च वर.

दोन महिन्यांनी फोटो आला. तिकडच्या बायका नव्या पत्र्याच्या शेडखाली उभ्या, हातात आमच्या गटाच्या नावाचा फलक. काकींनी लिंबाखाली बसून तो बराच वेळ पाहिला.

“पत्रा चांगला हाय,” म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी मुदत ठेव मोडली. चोवीस हजारांचे पाकीट काकींपुढे धरले आणि पहिल्या ‘राहू द्या’साठी जरा थांबलो.

काकींनी नोटा मोजल्या. “खण-नारळाचं दीडशे ऱ्हायलं, भावजी.”

तेही दिले.