बॉनेटवरचा उलटा हात

उचगावच्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी तापते म्हटलं की तो बॉनेटवर उलटा हात ठेवायचा, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि डोळे मिटायचा. त्या दिवशी मी कूलंटमध्ये मिसळायच्या औषधाची बाटली त्याच्यापुढे धरली.

"ह्यानं इंजिन थंड राहतं म्हणे."

"जित्तं हाय म्हणून तापतंय, पावणं," तो म्हणाला. "ह्यानं गार पडंल की."

मी हसलो. इंजिन निवल्यावर त्यानं मान फिरवून बाटली ओतली.

कोकणातून परतताना घाट चढून गगनबावड्याला आलो, तेव्हा तापमानाचा काटा तळाला टेकला होता. मी उतरून बॉनेटवर उलटा हात ठेवला.

पत्रा गार पडला होता. आत इंजिन अजून चालूच होतं.