बोरीजवळची माणसं

फुलवंताकाकूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या एका हातात विळा होता आणि दुसऱ्या हातात कोंबडीचं मुंडकं. धड अजून अंगणात फडफडत होतं. मी नुकती लग्न होऊन आलेली, सासूबाईंनी शेजारी पाया पडायला पाठवलेली. मी वाकले, तर हिनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि आशीर्वाद द्यायचा सोडून माझ्या शालूचा पदर दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "चांगला हाय," ती म्हणाली. "फाटला का मले देजो."

नव्या नवरीला असं कुणी म्हणतं का! घरी येऊन मी रडले. सासूबाई हसायला लागल्या. "रडून काहून राहिली? ती सगळ्याइलेच तसं म्हनते. माह्या हळदीच्या लुगड्यावर तं माह्या लग्नापासून डोळा होता तिचा. शेवटी देऊन टाकलं बाप्पा."

आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्याही आत. चहूकडे धानाच्या बांध्या, गावामागे एक बोडी, म्हणजे लहान तळं, आणि काठाला तिच्यात मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. मी घरी मशीन घेऊन ब्लाऊज शिवते. काकू गोधड्या शिवायची. पण पांघरायच्या नव्हेत, पाहायच्या. जुन्या कपड्यांचे तुकडे कापून ती त्यांची झाडं, पाखरं, माणसं करायची आणि टाके घालून गोधडीवर बसवायची. अख्ख्या गावाचे फाटके कपडे तिच्या पेटीत होते. कुणाचं लुगडं, कुणाची लुंगी, कुणाच्या मेलेल्या बापाचा सदरा, तिला सगळं पाठ. मी ब्लाऊजला आधी कच्चा टाका घालते ना, लांब नि सैल, माप चुकलं तर ओढून काढता येतो, त्यावरून ती मला रोज चिडवायची. "तुहा हातच भित्रा हाय वो. मी कच्चा टाका घालतच नाही. शिवलं ते शिवलं."

तिच्या घरामागे रस्त्यापर्यंत वाडी होती. जास्वंद, मुनगा, वांगी, कुंपणावर वालाचे वेल आणि रस्त्याच्या टोकाला एक मोठी बोर. सकाळची भाकर झाली की काकू बोरीखालच्या दगडावर जाऊन बसायची. लोकांना वाटायचं, फुलं बघत असेल. फुलं कसली! एकदा तिनं मला हाताला धरून ओढत नेलं. बोरीच्या काट्यावर एक नाकतोडा जिवंत टोचलेला होता, पाय हलत होते, आणि खाटीक पक्षी त्याचे लचके तोडत होता. "पाह्य, पाह्य," काकू कुजबुजली. "किती निगुतीनं टोचला! मले असा टाका जमला पायजे." मी तोंड फिरवलं. ती मात्र डोळे न मिटता पाहत राहिली, आणि चार दिवसांनी तो नाकतोडा कुणाच्यातरी हिरव्या चोळीतून तिच्या गोधडीवर उतरला, हलत्या पायांसकट.

तिच्या सगळ्या गोधड्या तशाच. बेडूक गिळणारी धामण. कावळ्यांनी उद्ध्वस्त केलेलं होल्याचं घरटं. मांजरीच्या तोंडात खार. नागपूरच्या एक बाई गाडी घेऊन यायच्या, त्यांचं हातकामाच्या वस्तूंचं दुकान होतं. त्या म्हणाल्या, "काकू, यात जरा शांत, सुंदर असं काही नाही का? मोर वगैरे?"

"मोर?" काकू म्हणाली. "मोरानं सापाचं पिल्लू फाडलं ते शिवून देऊ?"

"नाही हो, नुसतं शांत."

"शांत पायजे तं पांढरी चादर घ्या न बाई. बजारात भेटते."

त्या बाईंनी धामण घेतली आणि गेल्या. बिचाऱ्या करणार काय!

काकूचा हात फक्त सुईवर चालायचा असं कुणी समजू नये. वांगी खाल्ली म्हणून तिनं बकरीला मारलं, आणि बकरीचा मालक भांडायला आला तर त्यालाही. मागच्या आळीतला एक जण दारू पिऊन बायकोला रस्त्यात तुडवत होता तेव्हा ही कपडे धुवायची मोगरी घेऊन धावली आणि त्याचं डोकं फोडून परत धुणं धुवायला बसली. मला तिची भीती वाटायची, आणि खरं सांगते, तिच्याशिवाय करमायचंही नाही.

तिचा नवरा तुळशीरामकाका म्हणजे अगदी उलट. दोघांत मिळून एकच तोंड होतं आणि ते तिच्याकडे होतं. काकूची नजर अधू झाली तेव्हापासून काका दुपारी ओट्यावर बसून तिच्यासाठी सुया ओवून ठेवायचे आणि आपल्या टोपीला टोचून घ्यायचे. काकू काम करता करता हात लांब करायची, टोपीवरची सुई काढायची आणि शिवू लागायची. एकमेकांकडे पाहायचेसुद्धा नाहीत. मला ते फार आवडायचं.

काकांचा मोठा भाऊ किसन, म्हणजे काकूचा भासरा. वाटणीत वाडी धाकट्याकडे आली हे त्याच्या पोटात दुखत होतंच, त्यात रस्ता रुंद झाला आणि वाडीला भाव आला. त्याला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. दोनदा येऊन बोलला. काकू म्हणाली, "माह्या मड्यावर बांध."

ऐन वैशाखात एका दुपारी तो कुऱ्हाड घेऊन आला. मी भंडाऱ्याला अस्तराचं कापड आणायला गेले होते. एसटीतून उतरून पाहते तर रस्त्यावर बोर आडवी पडलेली, कुंपण चेंदामेंदा. दगडावर रक्त. आणि काकू त्या दगडाला टेकून बसलेली, उजवा हात मांडीवर, मनगटातून भलतीकडेच वळलेला, नि तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू. तिनं विळा घेऊन किसनच्या खांद्यावर वार केला होता. त्यानं तिला पाडलं, तिचा हात दगडावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, बोथट बाजूनं, ठेचला. "ह्या हातानं शिवते न, ह्या हातानं?" असं म्हणत ठेचला. भर दुपारी, भर रस्त्यावर, आजूबाजूला माणसं उभी असताना.

"कोनी नाही आलं वो," रिक्षात बसवताना ती मला म्हणाली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "ना त्याचा हात धरला कोनी, ना माहा."

पोलीस आले. सगळ्यांनी तोंडात मूग धरले. बोडीवर मासे धरणारा नत्थू म्हणाला, मी पाण्यात होतो. आमच्या सासूबाई, ज्यांचं नि काकूचं जन्माचं मैत्र, त्या म्हणाल्या, "मी तं चुलीजवळ होतो जी." किसनशी वैर कोण घेणार! पण कहर केला तुळशीरामकाकांनी. ते सगळा वेळ घराच्या मागच्या दारात उभे होते. पोलिसांनी विचारलं, तर म्हणाले, "पडली जी ती. दगडावर."

मला ते ऐकून एवढा संताप आला की त्या माणसाची टोपी ओढून चुलीत घालावीशी वाटली. काकूनं बोलायचंच सोडलं त्यांच्याशी. भाकर टाकायची, ताट सरकवायची, बस्स.

किसननं वाडीत गाळ्यांसाठी खोदायला घेतलं होतं, पण पाऊस लागला म्हणून काम थांबलं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली की गाळे उभे करतो, असं किसन गावभर सांगत फिरला. काकूचं प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वळत नव्हती. मी म्हटलं, काकू, आता राहू दे. तर माझ्या अंगावर सुईची डबी फेकून मारली. सुई दातांत धरून ती डाव्या हातानं दोरा ओवायची. काका ओट्यावर टोपीला सुया टोचून बसायचे, पण ती त्या टोपीकडे हात न्यायची नाही. डाव्या हाताचे टाके जाडेभरडे, वेडेवाकडे पडत होते, डॉक्टरनं घाईत जखम शिवावी तसे. काय शिवते ते मात्र कुणाला दाखवत नव्हती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीजावई माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, रात्री नाटक असतं. मंडईच्या सकाळी काकूनं उरलेल्या कुंपणावर, सगळ्या गावाच्या वाटेवर, ती गोधडी टांगली.

मी जवळ जाऊन पाहिली. मधोमध पडलेली बोर. कुऱ्हाड घेतलेला माणूस, किसनच्या बायकोनं कधीकाळी दिलेल्या त्याच्याच चौकड्याच्या सदऱ्याचा. खाली हिरव्या लुगड्यातली बाई, हाताच्या जागी लाल चिंधी. आणि सभोवताली उभी माणसं. कुणालाच तोंड नव्हतं. डोळे होते, तोंड नव्हतं. पण ओळखायला तोंड कशाला हवं? प्रत्येकजण आपापल्या कपड्यात होता. नत्थूची निळी लुंगी होती. आमच्या सासूबाईंचं हळदीचं लुगडं होतं. आणि मागे दारात पांढऱ्या धोतराचा एक माणूस.

मंडईला निघालेली माणसं थबकायला लागली. जावईलोक आधी हसले. मग हसू थांबलं. माझी नणंद माहेरपणाला आली होती, ती आपल्या आईला म्हणाली, "माय, हे तुहं लुगडं नाही का? तू तं चुलीजवळ होती म्हने?" सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

एवढ्यात किसन धावत आला. गोधडीचं टोक धरून ओढायला लागला. काकू समोर उभी राहिली, डाव्या हातात विळा. "फाड! फाडशील तं फाडल्याचंबी शिवन."

त्यानं हात उगारला आणि तो हात नत्थूनं धरला. किसननं डोक्यानं धडक मारून नत्थूचं नाक फोडलं, भळाभळा रक्त आलं, आणि मग सगळे तुटून पडले. ज्यांनी वैशाखात बोट उचललं नव्हतं ते लाथा घालत होते. किसन धुळीत लोळत होता, दात पडला, कान फाटला. तेव्हा काकू ओरडली, "मारू नोका! मारता तं कोनालेबी येते. जाऊन सांगा!" आता, चार-दोन लाथा पडू दिल्यावरच ओरडली ती, हे मी तिला नंतर म्हटलंही. ती म्हणाली, "तेवढं तं होऊ द्या लागते वो."

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःहून पोलिसांकडे गेल्या. नाकाला पट्टी बांधून नत्थू गेला. एकेक करत बाकीचे गेले. सांगून आलेला माणूस काकूकडे यायचा, मग ती गोधडी मांडीवर घ्यायची आणि त्याचा तुकडा उसवायची. पण टाके इतके पक्के की ब्लेडनं खरडावे लागत आणि खालचं कापडही फाटून भोक पडे. सासूबाईंच्या हातात तुकडा देत ती म्हणाली, "घे तुहं लुगडं. आता तू तिथं उभी नाहीस." दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की काय सांगू! तो तुकडा आजही आमच्या देवाच्या फोटोमागे आहे.

किसनला अटक झाली, सुटला, खटला साकोलीला चालू राहिला. गाळे काही झाले नाहीत. बोरीच्या बुंध्याला फांद्या फुटल्या आणि खाटीक पक्षी परत आला. गोधडीवर मात्र भोकंच भोकं, आणि दारात पांढऱ्या धोतराचा तो एकटा माणूस. काका गेले नाहीत. भावाविरुद्ध कसं बोलू, एवढंच म्हणत राहिले. काकूनं गोधडी घडी करून पेटीत टाकली.

गेल्या थंडीत काकू गेली. वाडीतच, वांग्याच्या वाफ्यात, डाव्या हातात खुरपं. मारामारी करत जाईल असं वाटलं होतं मला, पण गेली ती गुपचूप.

तेरवीनंतर काका गोधडी घेऊन माझ्या दारात आले. टोपीला ओवलेल्या सुया तशाच. म्हणाले, "बाई, मले काढून दे ह्यातून."

माझी इतकी वर्षं दाबून ठेवलेली चीड बाहेर पडली. "मी कोण काढणार? बाकीचे कसे निघाले ते पाहिलं ना तुम्ही? आधी सांगून या."

ते दारात उभेच राहिले. अगदी गोधडीतल्यासारखे. मग विचारलं, "साकोलीची गाडी कवा हाय?"

कोर्टात उभं राहून ते सांगून आले. "ती पडली नव्हती. माह्या भावानं मारलं, मी पाहत होतो." संध्याकाळी परत माझ्याकडे आले, मी गोधडी मांडीवर घेतली आणि ब्लेड उचललं. टाका कुठून धरावा म्हणून पांढऱ्या धोतराच्या तुकड्याची कड वर केली, आणि माझा हात थांबला.

कच्चा टाका होता. लांब, सैल, शेवटी गाठसुद्धा नाही.

मी ब्लेड खाली ठेवलं. "काका, तुम्हीच ओढा," म्हटलं. त्यांनी चिमटीत दोऱ्याचं टोक धरलं नि ओढलं, आणि सगळा तुकडा एका ओढीत त्यांच्या हातात आला. खालचं कापड कुठेही फाटलं नव्हतं.