मालक मला आवं म्हणू लागले

लढाई संपली आणि आमचे मालक पलटणीतून आष्ट्याला परत आले. गेले तेव्हा मला 'ए' म्हणायचे. आले ते म्हणाले, "आवं, जरा पाणी देता का?"

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. थट्टा म्हणावी, तर चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सासूबाई कडाडल्या, "बायकूला आवंजावं? जनाची तरी लाज धर!"

गावभर व्हायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बाया हंडे ओढून घ्यायच्या. "सरा गं, बाईसाब आल्या." मालक वाकले म्हणून लोक हसायचे, आणि माजली म्हणायचे ते मला! खाली बघून चाललं तर शिष्ट, वर बघितलं तर ताठा. घरात बूड टेकवेना. झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत सुटायची.

एकदा मी यांना उसात गाठून विचारलं, "आवं, असं का बोलता? लोकं हसत्यात. ए म्हना की मला."

ते पाला सोलायचे थांबले. "तिकडं समद्यांनी मला 'ए'च म्हटलं. ए, ऊठ. ए, चल. ह्याला नाव हाय का न्हाई, कुनी इचारलं न्हाई. आता माज्या तोंडातनं त्यो शब्दच निघत न्हाई."

मग गुऱ्हाळावर, पाहुण्यांच्या देखत, सासूबाईंनीच उकरून काढलं. "बायकूला आवं, मग मला रं काय म्हनशील?"

माणसं हसली. हे उकळत्या रसाच्या काहिलीपासून उठले आणि म्हणाले, "तुमास्नी बी आवंच म्हनतो, आये."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "तुमास्नी? मी काय परकी हाय व्हय रं?" आणि तिथंच पदर डोळ्याला लावून रडू लागल्या.

"न्हाई गं आये, तू तूच," म्हणत हे त्यांच्यापाशी बसले. पण त्या दिवसापासून मला ए नाही आणि आवंही नाही. दारात खाकरायचे, किंवा चुलीकडं बघून म्हणायचे, "भूक लागली." लोकांचं हसणं सोसलं होतं, हे मात्र सोसवेना.

पुढं सांगलीला हळदीच्या पेठेत यांना राखणदारी मिळाली. आम्ही दोघांनीच तिथं एक खोली घेतली. पहिल्याच सकाळी हे म्हणाले, "आवं, चा झाला का?"

इथं शेजारी कुणी हसणारं नव्हतं. तरी मी आधी उठून दार लोटलं, आणि मग चहा ओतला.