बुजवलेली टाकी

आईला दमा आहे. चुलीच्या धुरात बसली की तिची छाती भरून येते, म्हणून आप्पांनी कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवर गोबरगॅस बांधला होता. रोज सकाळी आप्पा गायींचं शेण पाण्यात कालवून टाकीत सोडायचे आणि आईचा स्वयंपाक बिनधुराचा व्हायचा. मला मात्र त्या शेणाची लाज वाटायची. शहरात, सावेडीला फ्लॅट घेतल्यापासून माझं नाक जरा जास्तच वर गेलं होतं.

शेवटी मीच हट्टाला पेटलो. "या वयात शेण कशाला कालवता? सिलिंडर घ्या, बटण फिरवलं की झालं." गायी विकायला लावल्या, नवा ओटा बांधून दिला आणि जुन्या स्वयंपाकघराचा राडारोडा ओतून टाकी बुजवली. आप्पा एवढंच म्हणाले, "परक्याच्या हातातली शेगडी हाय ही." मी हसलो. माझं बघून वस्तीवरच्या बाकीच्यांनीही आपापल्या टाक्या बुजवल्या. शहाण्याच्या मागून गाव शहाणं झालं.

यंदा तिकडे आखातात युद्धाचा भडका उडाला आणि इकडे सिलिंडर येईनासा झाला. एजन्सीतला माणूस म्हणाला, "जहाजच न्हाई आलं साहेब, मी काय करू?" त्याच्यावर उगाच खेकसलो. त्याच्या तरी हातात काय होतं? माझ्या घरचा सिलिंडर वस्तीवर नेऊन दिला, तोही संपला. विजेची शेगडी नेली, पण तिथे दाब इतका कमी की पाणी कोमट व्हायच्या आत ती बंद पडायची. सावेडीला चला म्हटलं, तर दोघंही घर सोडायला तयार नाहीत.

मग चूल मांडली. मी पेटवायला बसलो आणि घरभर धूर केला. आईने मला उठवलं, स्वतः फुंकणी घेतली आणि खोकत खोकत भाकरी थापायला लागली. मला तिथे उभं राहवेना.

बाहेर आलो तर आप्पा कुदळीने टाकीतला राडारोडा उपसत होते. माझं डोकंच फिरलं. "आप्पा, आता गायी कुठायत? शेण कुठून आणणार?"

आप्पांनी वर पाहिलं नाही. "ते मलाबी कळतंय. पर आत बसून तिचा खोकला ऐकवत न्हाई."