तळ्यापलीकडून आलेलं उत्तर

उजेड आवाजापेक्षा कितीतरी वेगानं धावतो, हे मी दर वर्षी आठवीच्या मुलांना शिकवतो आणि आयुष्यात फक्त एकदाच विसरलो. ते एकदा नेमकं सासुरवाडीच्या अख्ख्या गावादेखत विसरलो, एवढंच.

आमचं गाव तेरच्या जवळ, एका साठवण तलावाच्या काठावर. पलीकडच्या काठावर माझी सासुरवाडी. मध्ये किलोमीटरभर पाणी. गच्चीवर उभं राहिलं की तिकडची वाळत घातलेली धुणीसुद्धा दिसायची. पण जायचं म्हटलं तर तलावाच्या बांधावरून, दोन वस्त्यांना वळसा घालून, मोटारसायकलवर हाडं खिळखिळी करत जावं लागायचं. लग्न उन्हाळ्यात झालं. अर्चना घरात जरा रुळते न रुळते तोच आखाड लागला. पहिल्या आखाडात नव्या नवरीनं माहेरी राहायचं आणि नवऱ्यानं तिचं तोंड बघायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक.

"आई, ह्याला काही शास्त्रीय आधार नाही," मी म्हणालो.

"तुझ्या वागण्याला तरी कुठं हाय?" आई म्हणाली आणि सुनेची पिशवी भरायला घेतली.

फोन होते की! पण तिच्या माहेरी रेंज यायची ती फक्त अंगणातल्या लिंबाखाली, आणि लिंबाखाली सासऱ्यांची खाट. मी फोन लावला की पलीकडून आधी मामाच, म्हणजे सासरेच, बोलायचे, "बोला जावईबापू, स्पीकरवर टाकलाय. आमी बी ऐकतो." आता मामा ऐकत असताना नवरा बायकोला काय बोलणार? आम्ही पावसावर बोलायचो. दोन मिनिटांत पाऊस संपायचा. (तसाही आमच्याकडे तो तेवढाच पडतो.)

घर खायला उठलं होतं. शाळेतून आलो की उगीच स्वयंपाकघरात डोकवायचो. तिथं आई असायची. "काय पाहिजे?" म्हणायची. जे पाहिजे होतं ते तळ्यापलीकडे होतं. तिनं जाताना दारामागच्या खिळ्याला अडकवलेला रुमाल मी रोज काढायचो, पुन्हा तिथंच अडकवायचो आणि आईनं पाहिलं की त्यानं नाक पुसायचो.

पण आम्हीही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हतो. जायच्या आदल्या दिवशी आम्ही बेत ठरवून ठेवला होता. रविवारी ऊन कलल्यावर तिनं गच्चीवर यायचं, पिवळी साडी नेसून, हातात आरसा घेऊन. मी इकडच्या काठावरून प्रश्न विचारायचे. एक कवडसा म्हणजे हो, दोन कवडसे म्हणजे नाही. एवढ्या लांबून तोंड काही दिसणार नव्हतं, म्हणजे दंडकही मोडणार नव्हता. प्रश्न तिथवर पोचवायला मी शाळेचा भोंगा घरी आणला होता. प्रभातफेरीत घोषणा द्यायला वापरतो तो. मुख्याध्यापकांना सांगितलं, "बॅटरी तपासून आणतो."

रविवार आला. आभाळ उघडलेलं, वारा पलीकडच्या दिशेचा, सूर्य माझ्या पाठीशी. गच्चीवर पिवळा ठिपका दिसला आणि माझ्या छातीत असं काही झालं की भोंग्याचं बटण सापडेना. सापडलं ते सायरनचं. दोन्ही गावांतली कुत्री जागी झाली.

मग मी विचारलं, "अर्चना, बरी हायेस का?"

उत्तर नाही. मी थांबलो. (फार नाही. नव्या नवऱ्याला जेवढं थांबता येतं तेवढंच!) बोलत का नाही? मी लगेच दुसरा प्रश्न टाकला, "माझ्यावर रुसलीस का?"

चमक! एक कवडसा.

रुसली! माझ्या पायाखालची वाळू सरकली. "आई काय बोलली का तुला?"

चमक, चमक. दोन. म्हणजे आई नाही. म्हणजे मीच. मी काय केलं होतं? "अगं, माझी आठवण तरी येती का?"

चमक, चमक.

नाही! लग्नाला दोन महिने होतात न होतात आणि आठवण येत नाही! समोरचं पाणी, पिवळा ठिपका, सगळं डोळ्यांपुढं हललं. असेल नसेल तेवढा जीव एकवटून मी भोंग्यात ओरडलो, "मग मी आत्ताच्या आत्ता न्यायला येऊ का?"

चमक. एकच. लख्ख!

त्यानंतर मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की गच्चीवरून दोन-दोन कवडसे सारखे येताहेत, आणि आता आरसा सोडून ती दोन्ही हात हलवते आहे. मी मोटारसायकलला लाथ मारली. आई ओरडली, "अरं आखाड हाय, आखाड!" तो आवाजही मला पोचला नाही.

अंगभर धूळ घेऊन मी पोचलो, तर पारावर ही गर्दी! माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नव्हती. तिचा कवडसा फक्त माझ्या डोळ्यांत येत होता, पण माझा आवाज त्यांच्या अख्ख्या गावाच्या कानांत शिरत होता.

"आले, आले! न्यायला आले!" एकानं आरोळी दिली.

"मास्तर, लई आठवण येती आमाला बी!" दुसरा म्हणाला.

दारात मामा उभे. मामींनी मला पाहिलं, घाईघाईनं हातातलं सूप लेकीच्या तोंडापुढं धरलं आणि तिला आत ढकललं. सुपातले शेंगदाणे अंगणभर झाले. खरंच सांगतो, तोंड दिसलं नाही. पिवळा पदर तेवढा दिसला, दाराआड जाताना.

"काय काम काढलं?" मामांनी विचारलं.

"न्यायला आलो."

"बोलावलं कुणी?"

"अर्चनानं."

दाराआडून आवाज आला, "अवो, म्या दोनदा चमकवलं! न्हाय म्हणून! हात दुखला माझा!"

मी म्हणालो, "एकदाच चमकलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं." आणि हे म्हणता म्हणता माझ्या आतला, इतका वेळ झोपलेला, विज्ञानाचा शिक्षक उठून बसला. कवडसा डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. पण माझ्या आवाजाला तळं ओलांडायला तीनेक सेकंद लागतात! तेवढ्यात मी पुढचा प्रश्न विचारून मोकळा. प्रत्येक वेळी उत्तर आलं ते आधीच्या प्रश्नाचं!

मी मामांना समजावून सांगायला लागलो. आवाज, उजेड, वेग, अंतर. बोटानं अंगणात रेघासुद्धा मारल्या. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे असं म्हणा की," ते म्हणाले, "तुमी हितं पोचला, आन् अक्कल अजून तळ्यावरच हाय."

पारावर हशा पिकला. मी रेघा पुसल्या.

मामींनी तेवढ्यातही शेजारच्यांच्या ओट्यावर ताट वाढलं. जावई उपाशी कसा धाडायचा! त्यांच्या घराकडं पाठ करून बसायचं, अशी अट. मी भिंतीकडं तोंड करून भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण खात होतो, तोच मागच्या खिडकीतून हळूच आवाज आला.

"आठवण येती का म्हणून इचारलं ना, तवा एकदाच चमकवलं मी."

मला हिशेब जुळवायला थोडा वेळ लागला. ज्या कवडशाला मी 'न्यायला या' समजून गाव ओलांडून आलो होतो, तो त्या प्रश्नाचा होता.

मागं वळायचं नव्हतं. "मला बी येती," मी भिंतीला सांगितलं.

परत निघालो तेव्हा दिवस मावळत होता. बांधावर गाडी थांबवली. त्यांच्या घरातला दिवा लागलेला दिसत होता. भोंगा मघाशी आमच्याच काठावर विसरलो होतो, बरंच झालं. मी तसाच, साध्या आवाजात विचारलं, "उद्या येशील का गच्चीवर?" एवढा बारीक आवाज पाण्यापलीकडं कधीही पोचत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तीन सेकंद थांबलो. मग आणखी थोडा. दिवा एकदा हलल्यासारखा वाटला, म्हणून आणखी. तळ्याकाठचे यच्चयावत डास माझ्या तोंडावर उतरले, तरी मी तिथंच.

घरी पोचलो तेव्हा दारात आई. कंदिलासारखं लाल, सुजलेलं माझं तोंड तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मारलं का रं तुला त्यांनी?"

"नाही गं, डास चावले."

आईनं मान हलवली, ओट्यावर बसलेल्या शेजारणीकडं पाहिलं, शेजारणीनं हळद आणली. तेव्हापासून तळ्याच्या दोन्ही काठांवर एकमत आहे, की पहिल्या आखाडात बायकोला आणायला गेलेल्या मास्तरांनी सासुरवाडीत सपाटून मार खाल्ला. आणि मास्तर इतके स्वाभिमानी, की आजही डासांचं नाव सांगतात!